योहान तुरी : लांडग्यांचा पाठलाग करणाऱ्या सामी शिकाऱ्याने पुस्तक का लिहिलं?

स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला किरुना नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीतलं लोखंड नॉर्वेच्या नार्विक बंदरात नेण्यासाठी डोंगर फोडून एक रेल्वे टाकली गेली आणि 1903 साली तिचं थाटात उद्घाटन झालं. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1904 साली, दोन डॅनिश बहिणी या नव्या कोऱ्या मार्गावरून हिंडायला निघाल्या. त्यातली एक होती एमिली डेमांट. वय 31, व्यवसायाने चित्रकार. या प्रवासात त्यांची गाठ एका सामी माणसाशी पडली.

माणूस पन्नाशीचा होता. त्याला डॅनिश येत नव्हतं आणि एमिलीला सामी भाषेतला एक शब्द कळत नव्हता. दुभाषाच्या मदतीने जे बोलणं झालं त्यातून तिला दोन गोष्टी समजल्या. एक, हा माणूस लांडग्यांची शिकार करतो. दोन, त्याला आपल्या लोकांवर एक पुस्तक लिहायचं आहे.

या माणसाचं नाव योहान तुरी. सहा वर्षांनी त्याचं पुस्तक खरंच छापलं गेलं. सामी लेखकाने सामी भाषेत लिहिलेलं, धर्माशी संबंध नसलेलं पहिलं पुस्तक म्हणून आज ते ओळखलं जातं. स्वीडन-नॉर्वेत लांडग्यांवरून आजही जी भांडणं होतात ती मुळात कशाची आहेत, हे समजून घ्यायचं असेल तर तुरीच्या आयुष्यापासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं.

जन्मच सरहद्दीच्या भांडणात

सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या उत्तर भागात आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पावर राहणारे मूळ रहिवासी. पूर्वी बाहेरचे लोक त्यांना ‘लॅप’ म्हणत. जुन्या पुस्तकांत तोच शब्द सापडतो, पण आता तो अपमानकारक मानला जातो.

तुरीचा जन्म 12 मार्च 1854 रोजी नॉर्वेतल्या कौटोकेइनो इथे झाला. त्याआधी दीड वर्ष, नोव्हेंबर 1852 मध्ये, याच गावात धार्मिक उन्मादातून आणि दारू विकणाऱ्यांवरच्या रागातून सामींच्या एका गटाने उठाव केला होता. त्यात गावचा व्यापारी आणि सरकारी अंमलदार मारले गेले. उठावाच्या दोन पुढाऱ्यांचा शिरच्छेद झाला तो 1854 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तुरी जेमतेम सात महिन्यांचा असताना.

पण तुरी कुटुंबावर खरा परिणाम झाला तो दुसऱ्याच एका निर्णयाचा. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता आणि 1852 सालीच रशियाने नॉर्वे-फिनलंड सीमा रेनडिअरच्या कळपांना बंद केली.

आता यात एवढं काय बिघडलं, असं आपल्याला वाटू शकतं. पण रेनडिअर हा एका जागी राहणारा प्राणी नाही. उन्हाळ्यात त्याला समुद्राकडची, वारा असलेली, डास कमी असलेली कुरणं लागतात. हिवाळ्यात जंगलातली जमीन लागते, कारण तिथे बर्फाखाली दगडफुलासारखं लायकेन मिळतं आणि हिवाळाभर तेच त्याचं मुख्य खाणं असतं. सामी माणसं कळपामागे चालत, आणि कळप कुणाच्या नकाशाकडे बघून चालत नव्हता. नॉर्वे आणि स्वीडन यांच्यातली सीमा 1751 साली आखली गेली तेव्हा हे लक्षात घेऊन सामींना ती ओलांडायचा हक्क करारातच लिहून दिला होता. कौटोकेइनोच्या लोकांची हिवाळी कुरणं मात्र फिनलंडमध्ये होती आणि ती एका फटक्यात गेली.

मग अनेक कुटुंबांनी वाट काढली. स्वीडनच्या सीमेवरून फिनलंडमध्ये जाता येत होतं, म्हणून ती स्वीडनमधल्या कारेसुआंदोला येऊन तिथली प्रजा झाली. तुरी कुटुंबही त्यांच्यातच होतं. योहान तेव्हा अगदी लहान होता. 1889 साली तो रस्ताही बंद झाला. त्याच दशकात तुरी मंडळी आणखी दक्षिणेला, टोर्नेट्रॅस्क नावाच्या लांबलचक तळ्याच्या परिसरात, ताल्मा गटाच्या प्रदेशात आली.

कुरणं कमी झाली, कळप मात्र तेवढेच राहिले. एका जागी दाटी झाली की कळप एकमेकांत मिसळतात, चारा संपतो, राखणीची कुत्तरओढ वाढते. आणि अशा गोंधळाचा फायदा सगळ्यात आधी घेतो तो लांडगा.

एका रात्रीत होत्याचं नव्हतं

मेंढपाळ आणि लांडगा यांचं वैर आपल्याला नवीन नाही. पण सामींचं प्रकरण थोडं वेगळं आहे.

मेंढरं संध्याकाळी वाघरात कोंडता येतात. रेनडिअर तसा कोंडता येत नाही. तो अर्धा रानटीच असतो, मोकळाच चरतो, आणि हिवाळ्यात बर्फ उकरून खात खात दूरवर पसरतो. टोर्नेट्रॅस्कच्या परिसरात डिसेंबरमध्ये कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. उजेड म्हणजे दुपारी काही तासांची निळसर संधी. अशा अंधारात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, माणूस आणि कुत्रा मिळून शेकडो जनावरांची राखण करतात. वादळ सुटलं की ना काही दिसतं, ना ऐकू येतं. लांडगे नेमके तेव्हा येतात.

लांडग्याने एखादं जनावर मारून खाल्लं तर ते सोसता येतं. पण घाबरलेला कळप खोल बर्फात धडपडू लागला की लांडगा भुकेपुरता थांबेलच असं नाही. एका रात्रीत अनेक जनावरं पडू शकतात. शिवाय जे मरत नाहीत ते उधळतात. दहा दिशांना पांगलेला कळप गोळा करायला दिवसचे दिवस जातात. काही जनावरं दुसऱ्याच्या कळपात मिसळतात, काही सीमेपलीकडे जातात, काही कधीच सापडत नाहीत. हिवाळ्याच्या शेवटी माद्या गाभण असतात. त्या दमछाकीने गाभ टाकतात, म्हणजे पुढच्या वर्षीचा कळपही आताच मारला गेला.

या लोकांचं बाकी काही नव्हतं. शेत नाही, घर नाही. मांस, दूध, अंगावरचे कपडे, पायातले बूट, तंबू शिवायचा दोरा, ओझं ओढायचं जनावर, कर भरायचं साधन असं सगळं रेनडिअरमध्येच. कळप एका मर्यादेपेक्षा लहान झाला की कुटुंबाला भटकणं परवडत नाही. मग कुणाच्या तरी हाताखाली गुराखी व्हायचं, नाही तर तळ्याकाठी मासे मारत राहायचं. श्रीमंत माणूस एका हिवाळ्यात गरीब होई. त्यामुळे सामी लांडग्याविषयी जे बोलत ते शहरातल्या माणसासारखं ‘निसर्गातला एक प्राणी’ म्हणून बोलत नसत.

भाषेतसुद्धा हे दिसतं. उत्तर सामीत लांडग्याला ‘गुम्पे’ म्हणतात, पण त्याला आणखीही नावं आहेत. नाव घेतलं की तो येतो, अशी समजूत असल्याने आडवळणाने बोलायची पद्धत होती. आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात तसंच. अस्वलाबद्दलही आडनावं होतीच, पण त्याला मान होता. अस्वल मारल्यावर पूर्वी विधी करत, मांस खाल्ल्यावर त्याची हाडं नीट जुळवून पुरत. लांडग्याच्या वाट्याला असला मान आला नाही.

स्कीवरून लांडग्याच्या मागे

तुरीने लग्न केलं नाही. कळपाची जबाबदारी भाऊ अस्लाककडे गेली आणि योहान शिकार, सापळे, मासेमारी यांत रमला. सामी समाजात कळप असणं ही प्रतिष्ठा. त्या हिशेबाने तो काही फार यशस्वी माणूस नव्हता. पण लांडग्याच्या शिकाऱ्याला वेगळी किंमत होती. तो एक लांडगा मारी, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या कळपांना चार दिवस झोप मिळे.

ही शिकार कशी व्हायची ते सांगण्यासारखं आहे. तुरीच्या काळात बंदुका होत्या, पण लांडगा बंदुकीच्या टप्प्यात सहसा येत नाही. जुनी रीत म्हणजे स्कीवरून पाठलाग. सगळा खेळ बर्फाच्या पोतावर चाले. नुकताच पडलेला, खोल, भुसभुशीत बर्फ असेल तर लांडग्याचे पाय आत रुततात. लाकडी लांब स्कीवरचा माणूस मात्र वरच्या वर सरकतो. पोट भरलेला लांडगा अशा बर्फात लवकर दमतो, म्हणून रात्री शिकार करून खाल्लेल्या लांडग्याचा माग पहाटेच काढायचा.

उलट, उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फावर कडक खपली धरते. हलका लांडगा त्यावरून वाऱ्यासारखा पळतो आणि जड रेनडिअरचे खूर ती फोडून आत जातात. असा दिवस लांडग्याचा. सामी भाषांत बर्फासाठी इतके शब्द का आहेत, यावर लोक गमतीने लिहितात. ज्याचा कळप आज रात्री वाचणार की नाही हे त्या शब्दावर ठरतं, त्याला ती गंमत वाटत नसावी.

पाठलाग तासन् तास चाले. माणूस घामाने भिजे, एकेक कपडा वाटेत फेकून देई, हाती उरे ती फक्त काठी. या काठीच्या टोकाला भाल्याचं पातं असे. लांडगा दमून वळला की त्याच्यावर काठीने घाव घालायचा, तोही धावत्या स्कीवर तोल सांभाळून. घाव चुकला तर लांडगा अंगावर. घाव बसला तरी संकट संपत नसे. उणे 20-30 तापमानात, घामाने ओल्या अंगाने, कपडे काही किलोमीटर मागे पडलेले. लांडग्याने नाही मारलं तर थंडी मारू शकते. अशा शिकारीत अनेक धडधाकट माणसांच्या छातीचं दुखणं कायमचं झालं.

या लोकांची स्कीवरची ताकद बाहेरच्यांना खोटी वाटे. 1883 मध्ये शोधक नॉर्डनशोल्डने ग्रीनलंडच्या बर्फावर दोन सामी स्कीवाले पाठवले. ते जे अंतर कापून आल्याचं सांगत होते त्यावर युरोपात कुणी विश्वास ठेवेना. म्हणून 1884 मध्ये स्वीडनच्या योकमोकमध्ये शर्यत ठेवली गेली. त्या दोघांपैकीच एक, पाव्हा-लासे तुओर्दा, 220 किलोमीटर 21 तास 22 मिनिटांत पार करून पहिला आला. मग बोलणारे गप्प झाले.

सरकारला लांडगा नकोच होता, तरीही…

इथे एक प्रश्न पडतो. सामींना लांडगा नको होता आणि सरकारलाही नको होता. मग भांडण कुठे?

सरकारला लांडगा नको होता हे तर उघड आहे. नॉर्वेने 1845 साली कायदाच केला आणि त्याच्या नावातच हिंस्र प्राण्यांचा नायनाट हा उद्देश होता. लांडगा, अस्वल, लिंक्स नावाचं मोठं रानमांजर, वुल्व्हरीन (दिसायला लहान अस्वलासारखा, पण कुळ पाणमांजराचं) या सगळ्यांच्या डोक्यावर बक्षिसं लागली. स्वीडनमध्ये बक्षिसांची प्रथा तर सतराव्या शतकापासूनची. एकोणिसाव्या शतकात स्ट्रिकनीन हे जहर हाती आलं. मांसात घालून ते रानात टाकायचं. त्याने लांडगे मेले, कोल्हे मेले, गिधाडासारखे मढं खाणारे पक्षी मेले, लोकांची कुत्रीही मेली.

याचा परिणाम असा झाला की दक्षिण आणि मध्य स्वीडनमधून एकोणिसाव्या शतकात लांडगा जवळपास संपला. शेतकऱ्याचा प्रश्न मिटला. उरलेसुरले लांडगे उत्तरेच्या डोंगरांत राहिले, म्हणजे नेमके रेनडिअरच्या मुलखात. स्टॉकहोमच्या दृष्टीने लांडगा हा मिटलेला विषय होता. तुरीच्या तंबूबाहेर मात्र तो रोज येत होता.

आणि उत्तरेत फक्त लांडगाच आला नव्हता. 1890 नंतर खाण कंपनी आली, 1900 साली किरुना शहर उभं राहिलं, रेल्वे आली. कुरणांमध्ये वसाहतीतल्या शेतकऱ्यांनी गवत कापायच्या जागा धरल्या. रेनडिअर त्या गवतावर गेला की सामी माणसाकडून भरपाई वसूल होई. नॉर्वेच्या बाजूला तर उन्हाळाभर हीच कटकट. 1905 मध्ये नॉर्वे आणि स्वीडन वेगळे झाले आणि सीमेवरचा प्रश्न आणखी चिघळला. कळप कुठे न्यायचा, किती न्यायचा, किती दिवस थांबायचं हे कागदावर ठरू लागलं. ज्यांच्याबद्दल हे ठरत होतं त्यांना विचारायला अधिकारी येत, नाही असं नाही. पण बोलणं कचेरीत होई, स्वीडिश भाषेत होई.

तुरीला खुपत होतं ते हेच. त्याचं म्हणणं सरकार दुष्ट आहे असं नव्हतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की सरकारला मदत करायची इच्छा आहे, पण त्याला खरी परिस्थिती कळत नाही, कारण सामी माणसाला ती नीट सांगता येत नाही. आणि का सांगता येत नाही, याचं त्याने दिलेलं कारण फार सुंदर आहे. चार भिंतींच्या आत, वारा नाकाला लागत नसताना, सामी माणसाची बुद्धी चालत नाही. उंच डोंगरावर भेटले असते तर त्याने सगळं स्पष्ट करून सांगितलं असतं. त्यामुळे कचेरीत सामी गप्प बसतो आणि साहेब समजतात की याला काही म्हणायचं नाही.

म्हणून पुस्तक. एकदा सगळं लिहून ठेवलं की कुणाला विपर्यास करता येणार नाही, अशी त्याची समजूत. या बाबतीत तो जरा भाबडा होता असं मला वाटतं, पण तो भाबडेपणा नसता तर पुस्तकही नसतं.

तळ्याकाठची खोपटी

लिहायची इच्छा असली तरी तुरीला लिहिण्याची सवय नव्हती. सामी भाषेचं लेखन तो स्वतःच्या रीतीने, फिनिश वळणाने करी. एका जागी बसून राहणं हे तर त्याच्या स्वभावातच नव्हतं.

इथे एमिली डेमांट पुन्हा येते. 1904 च्या भेटीनंतर ती डेन्मार्कला परतली ती स्वस्थ बसायला नाही. कोपनहेगन विद्यापीठात भाषातज्ज्ञ विल्हेल्म थॉमसन यांच्याकडे ती सामी भाषा शिकली आणि 1907 मध्ये पुन्हा उत्तरेला आली. योहानचा भाऊ अस्लाक आणि त्याची बायको सिरी यांच्या तंबूत ती घरच्यासारखी राहिली, त्यांच्याबरोबर स्थलांतर केलं. त्या काळात एकट्या बाईने हे करणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. तिने पुढे या वर्षावर स्वतःचं पुस्तकही लिहिलं.

1908 मध्ये तुरी आणि एमिली टोर्नेट्रॅस्कच्या काठी एका लहान खोपटीत राहिले. तो लिहायचा आणि ती स्वयंपाक, केरवारे, लाकूडफाटा बघायची. नेमकं उलटं चित्र, जगातल्या बहुतेक लेखकांच्या बायका करतात तेच, फक्त इथे करणारी स्वतःच अभ्यासक होती. तो कंटाळून उठला की त्याला पुन्हा बसवणं हेही तिचंच काम. वह्यांमधलं लेखन विस्कळीत होतं. एका विषयात दुसरा, मध्येच आठवण. त्याच्याशी बोलून तिने प्रश्न विचारले, क्रम लावला, सगळं उतरवून घेतलं आणि डॅनिशमध्ये भाषांतर केलं.

छपाईचा खर्च कुणी उचलला? यालमार लुंडबोम यांनी. हे किरुनाच्या त्याच खाण कंपनीचे प्रमुख, जिच्यामुळे रेनडिअरच्या वाटा तुटत होत्या. लुंडबोम यांना सामी संस्कृतीबद्दल खरंच आस्था होती, यात शंका नाही. पण इतिहासात अशा गाठी पडतात खऱ्या.

पुस्तकात लांडगा कसा आहे?

1910 साली पुस्तक आलं. नाव, ‘मुइतालुस सामीद बिर्रा’, म्हणजे ‘सामींबद्दलची हकिगत’. एका बाजूला सामी मजकूर, सोबत डॅनिश भाषांतर, शेवटी तुरीने स्वतः काढलेली चित्रं. चित्रांत कळप, तंबू, माणसं, वाटा असं सगळं डोंगरावरून खाली पाहिल्यासारखं मांडलेलं आहे. चित्रकलेच्या शाळेत न गेलेल्या माणसाची ती चित्रं आज अभ्यासली जातात.

पुस्तकात वर्षभरातली कळपाची कामं आहेत, मुलं कशी वाढवतात ते आहे, औषधं आहेत, योइक म्हणजे सामींचं गाणं आहे, भुताखेतांच्या आणि जुन्या लढायांच्या गोष्टी आहेत. आणि लांडगा आहे. लांडगा कळपाजवळ कसा येतो, वारा कोणत्या बाजूने घेतो, कुत्र्याला कसा चकवतो, दमल्यावर काय करतो, हे तुरी असं सांगतो की वाचणाऱ्याला तो प्राणी समोर दिसतो. त्यात राग आहे, पण लांडगा मूर्ख किंवा सैतानी आहे असं भाबडं चित्र नाही. ज्याच्या मागावर आयुष्य घालवलं त्याच्याबद्दल माणसाला जी माहिती होते, ती द्वेषाने होत नाही.

या वर्णनांचा सरकारी वाचकाला एक उपयोग होता. लांडग्यामुळे किती रेनडिअर मेले हा आकडा अधिकाऱ्याला कळू शकत होता. पण राखणीसाठी किती रात्री जागल्या, पांगलेला कळप गोळा करताना शेजाऱ्याशी काय भांडण झालं, सीमा बंद असल्याने लांडगे आलेल्या कुरणातून बाहेर पडायची वाटच कशी उरली नव्हती, हे आकड्यात बसत नव्हतं. पूर्वी लांडगे फार झाले तर कळप दुसरीकडे हलवता येई. कुरणं आखून दिल्यावर तो उपाय गेला.

सगळंच मात्र त्याने सांगितलं नाही. औषधोपचाराची आणि मंत्रतंत्राची काही माहिती त्याने मुद्दाम मागे ठेवली, कारण शिकलेली माणसं हसतील आणि ती सगळ्यांच्या हाती पडणंही बरं नाही, असं त्याला वाटे. त्यातली काही पुढे दुसऱ्या पुस्तकातून, मर्यादित अभ्यासकांसाठी छापली गेली.

पुस्तक गाजलं. 1912 मध्ये जर्मन, 1917 मध्ये स्वीडिश, 1931 मध्ये इंग्रजी भाषांतर आलं. गंमत बघा, ज्या सरकारला उद्देशून लिहिलं त्याच्या भाषेत ते यायला सात वर्षं लागली. मधल्या काळात, 1913 साली, स्वीडनने भटक्या सामी मुलांसाठी वेगळ्या शाळांचा कायदा केला. सामींनी सामीच राहावं, इतरांसारखं शिकून डोंगर सोडू नये, असा त्यामागचा विचार. 1919 च्या नॉर्वे-स्वीडन करारानंतर तर कारेसुआंदोकडच्या कित्येक कुटुंबांना कळपासकट दूर दक्षिणेला हलवण्यात आलं. पुस्तक वाचलं गेलं, कौतुक झालं, धोरण होतं तसंच राहिलं.

तुरी मात्र प्रसिद्ध झाला. पाहुणे त्याला शोधत येऊ लागले. त्याने पुढेही लिहिलं, 1931 मध्ये डोंगरावरच्या आयुष्याबद्दलचं आणखी एक पुस्तक आलं. राहणी मात्र फारशी बदलली नाही. तळं, मासे, सापळे. 30 नोव्हेंबर 1936 रोजी, 82 व्या वर्षी तो गेला.

त्याच्यानंतर

लांडगे त्याच्यानंतर तीस वर्षं जेमतेम टिकले. स्नोमोबाईल आली आणि स्कीवरचा तो जीवघेणा पाठलाग संपला. यंत्रापुढे भुसभुशीत बर्फातला लांडगा काहीच नव्हता. 1966 साली स्वीडनने त्याला संरक्षण दिलं तेव्हा संरक्षण द्यायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लांडगे उरले होते. नॉर्वेने काही वर्षांनी तेच केलं. 1983 मध्ये, पूर्वेकडून चालत आलेल्या एका जोडीने दक्षिणेकडच्या वर्मलांडच्या जंगलात पिल्लं घातली आणि आजचे स्कँडिनेव्हियातले लांडगे बहुतांशी तिथून सुरू झाले. आता स्वीडनमध्ये त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. शिकारी कुत्री आणि मेंढ्या मारल्या जातात म्हणून दक्षिणेतले गावकरी संतापलेले, 2010 मध्ये पुन्हा परवान्याने शिकार सुरू झाली म्हणून निसर्गप्रेमी संतापलेले. दर हिवाळ्यात नवा वाद.

रेनडिअरच्या मुलखात लांडग्यांचे कळप वसू द्यायचे नाहीत, असं साधारण धोरण आहे. भटकत आलेला लांडगा बहुतेक वेळा मारला जातो. तिथला मोठा त्रास आता लिंक्स आणि वुल्व्हरीनचा आहे, आणि पाडसांच्या दिवसांत सोनेरी गरुडाचा. शिकारी प्राण्यांमुळे कोणत्याही गटाचं 10 टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान होऊ नये, अशी मर्यादा स्वीडनच्या संसदेने 2013 मध्ये ठरवली. ती पाळली जाते की नाही यावर पशुपालक आणि सरकार यांचं एकमत नाही.

भरपाईची पद्धत मात्र 1996 पासून बदलली आहे. पूर्वी मेलेलं जनावर दाखवावं लागे, आणि बर्फात, मैलोन् मैल पसरलेल्या रानात मढी सापडतातच कुठे! आता गटाच्या प्रदेशात लिंक्स आणि वुल्व्हरीन यांची किती पिल्लावळ झाली यावर पैसे मिळतात. म्हणजे शत्रूची पोरं मोजून भरपाई. ही मोजणी हिवाळ्यात, ताज्या बर्फावरचे माग काढून केली जाते. जिल्हा प्रशासनाचा कर्मचारी आणि सामी गुराखी एकत्र बाहेर पडतात, पावलांचे ठसे कुठून कुठे गेले ते बघतात, आई एकटी की सोबत पिल्लं ते ठरवतात आणि तिथेच, डोंगरावर, वाऱ्यात उभं राहून नोंद करतात. तुरीचा ताल्मा गट अजून आहे. त्याच्या प्रदेशातही हे काम असंच चालतं.